तिसऱ्या भागाबाबत निवेदन

मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि जेवढी पुस्तकं लोकांच्या हातात दिली त्यांतली निम्मीसुद्धा मी वाचलेली नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निवृत्तीनंतरच्या सत्कारांत ‘बाईंनी आयुष्यभर वाचनाची उपासना केली’ असं जेव्हा जेव्हा कुणी भाषणात म्हणालं, तेव्हा मी मान खाली घालून गळ्यातला हार सावरत बसले. मी आयुष्यभर काय केलं ते असं: कुलूप काढलं, झाडलं, पेपर मांडले. नवं पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक दिला, ठरलेल्या तीन पानांवर शिक्का मारला, मागच्या आतल्या बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवली. नेलेलं पुस्तक लिहून घेतलं, आलेलं खोडलं. वाळवीशी भांडले, उंदरांशी भांडले आणि दरवर्षी तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर उभी राहिले. या सगळ्यातून वाचायला जो जीव उरतो तो फार थोडा असतो.

आमचं ग्रंथालय आष्टी तालुक्यातल्या एका मोठ्या गावात, बाजारतळाला लागून. खोल्या दोन, कपाटं सतरा. एक गृहस्थ दर शनिवारी येऊन ‘जे काल परत आलं ते द्या’ म्हणायचे. दुसऱ्यानं वाचलं म्हणजे ते बरं असणार, हा त्यांचा हिशेब. एक शिक्षिका शेवटचं पान उभ्यानं वाचून मगच पुस्तक न्यायच्या. शेवट दुःखाचा असला तर परत ठेवून द्यायच्या. घरी पुरेसं आहे, म्हणायच्या. अशा माणसांची सवय होते. तक्रार करावीशी वाटत नाही आणि कौतुकही वाटेनासं होतं.

पण एका पुस्तकानं मला अजून सोडलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

‘वज्रवनाची बखर’ नावाची एक अद्भुत कादंबरी होती. पाच भागांत येणार असं लेखकानं पहिल्याच भागात जाहीर केलेलं. लेखक खानदेशातले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नाव फारसं कुणाला ठाऊक नसलेले. वार्षिक खरेदीच्या गठ्ठ्यात पहिला भाग आला आणि सहा महिने कपाटात पडून राहिला. मग तो निवृत्तीनानांनी नेला. नाना एसटीचे ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. चार दिवसांत त्यांनी पुस्तक परत आणलं आणि टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘बाई, दुसरा भाग हाय का? नसंल तर मागवा. घोडा उडतोय ह्यात.’’

घोडा खरंच उडायचा. रुद्रसेन नावाचा राजपुत्र त्यावर बसून धूम्रराज नावाच्या दुष्ट राजाच्या किल्ल्यांवरून आगी लावत जायचा. नानांनी पारावर गोष्ट सांगितली आणि महिन्याभरात त्या पुस्तकासाठी मला वेगळी वही घालावी लागली. दुसरा भाग आल्यावर तर दहावीच्या मुलींपासून आबासाहेबांपर्यंत सगळे रांगेत. आबासाहेब म्हणजे आमच्या ग्रंथालयाचे अध्यक्ष. मोठे बागायतदार, दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले. त्यांनी त्याआधी ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी.

त्याच रांगेत कौसा होती. कौसल्या. गावाबाहेरच्या वस्तीवरची, पस्तिशीची, सातवी झालेली. दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि चैत्रात परत यायची. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती असते. ती पहिल्यांदा ग्रंथालयात आली ते मुलीच्या वसतिगृहाची जाहिरात पेपरात शोधायला. जाताना म्हणाली, ‘‘येखादं पुस्तक बी द्या, बाई. जाड द्या. पातळ लवकर सरतंय.’’ मी हाताला लागलं ते जाड पुस्तक दिलं. ते ‘वज्रवन’ होतं.

तिसरा भाग आला श्रावणात. पहिला मान नानांचा. दोन दिवसांनी ते आले आणि पुस्तक उलटंसुलटं करून मला दाखवायला लागले.

‘‘बाई, बांधणीत कायतरी चुकलंय बघा. दुसऱ्याच पुस्तकाची पानं आल्यात ह्यात.’’

मी पानं मोजली. सगळी जागेवर होती.

‘‘मग ह्ये काय? तिसाव्या पानाला घोडा मेला. फौज हारली. त्याच्यापुढं नुसती माणसं चालायल्यात. राजपुत्राचा हात मोडलेला, त्यो बी त्यांच्यात बोचकी वाहतोय. शंभर पानं वाचली मी. गाडी घाटात बंद पडल्यावानी झालंय.’’

मग एकेक जण नेऊ लागला आणि वेळेआधी परत आणू लागला. दहावीच्या मुलींनी घोड्यासाठी रडून घेतलं आणि पुस्तक मिटलं. कुणीतरी दोनशे बाराव्या पानावर बॉलपेननं लिहिलं, ‘पुढे वाचू नका. काही होत नाही.’ खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर आलं, ‘खरे आहे.’ पुस्तकात लिहिणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. एरवी मी अक्षरं जुळवून माणूस शोधून काढला असता. या वेळी शोधलं नाही. कारण मीही ते पुस्तक चाळलं होतं, घोडा मरेपर्यंत वाचलं होतं आणि पुढे पन्नास-साठ पानं कशीबशी रेटून ठेवून दिलं होतं. दोनशे बाराव्या पानावरची ती टीप वाचून मला मोकळं वाटलं, हे कबूल करायला हवं.

आबासाहेबांना राग वेगळाच आला. रुद्रसेनाचा एक सरदार ऐनवेळी पक्ष बदलतो, तो आपल्यावर लिहिलाय असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, ‘‘वाचकांच्या भावना लेखकापर्यंत पोचल्या पाहिजेत. निवेदन देऊ.’’

आमच्या भागात कुठलंही दुःख निवेदन होऊनच बाहेर पडतं. पाणी आलं नाही, निवेदन. रोहित्र जळालं, निवेदन. तेव्हा कादंबरी फसली, निवेदन, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. मी ग्रंथालयाच्या लेटरहेडवर लिहिलं, ‘विषय: तिसऱ्या भागाबाबत वाचकांची तीव्र नाराजी’. खाली दीड पान मजकूर. त्यातलं एक वाक्य असं: ‘आपल्या नायकाचा घोडा जिथे मेला, तिथेच आमचा उत्साहही पुरला गेला आहे.’ हे वाक्य माझं. आबासाहेबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि मला बरं वाटलं. तोवर माझ्या लिहिण्याचं कुणी कौतुक केलेलं नव्हतं.

कागद आठ दिवस माझ्या टेबलावर होता. येणारा जाणारा सही करत होता. कौसा आली तेव्हा नानांनी तिच्यापुढे सरकवला.

‘‘कशाचं हाय?’’ तिनं विचारलं.

‘‘तिसरा भाग बेकार हाय म्हणून लेखकाला कळवायलोत.’’

‘‘माजा नंबर आजून आला न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘वाचल्यावर करीन सही.’’

नाना हसले. मीही थोडी हसले. निवेदन एकेचाळीस सह्यांनिशी रजिस्टर पोस्टानं गेलं.

निवेदन गेलं आणि रांगच मोडली. पुस्तक वाईट आहे हे आता लेखी ठरलं होतं, मग वाचायचं कशाला? वहीत नंबर लावलेल्यांनी आपण होऊन नावं खोडायला सांगितली. दिवाळी झाल्यावर कौसा आली, टोळी दोन दिवसांत निघणार होती. पुस्तक पंधरा दिवसांच्या वर द्यायचं नाही असा आमचा नियम. पण त्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी चिठ्ठीवर तारीख टाकली आणि म्हटलं, चैत्रात आण.

लेखकाचं उत्तर डिसेंबरात आलं. साधं आंतर्देशीय पत्र, बारीक सरळ अक्षर. त्यांनी लिहिलं होतं:

‘आपले पत्र पोचले. इतक्या लांबून इतक्या जणांनी लिहिले याचा आनंदच झाला. अशी आणखीही पत्रे आली आहेत. घोड्याबद्दल सर्वांची क्षमा मागतो. एक विचारावेसे वाटते. नावाड्याच्या प्रकरणाविषयी आपल्यापैकी कुणीच काही लिहिलेले नाही. तो भाग मी सर्वांत मनापासून लिहिला होता. तोही नकोसा वाटला असल्यास तसे कळवावे, म्हणजे पुढच्या भागात त्याचे काय करायचे ते मला ठरवता येईल.’

मी पत्र दोनदा वाचलं. कोणता नावाडी?

नाना पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, ‘‘नाना, नावाडी कोण?’’

‘‘कंचा नावाडी?’’

‘‘तिसऱ्या भागातला.’’

नानांनी चष्मा वर केला. ‘‘त्यात नदी हाय का?’’

त्या दिवशी दुपारी मी देवघेवीची वही काढली. निवेदनावर सह्या एकेचाळीस. त्यांतल्या अकरा जणांनी पुस्तक घरी नेलं होतं. त्या अकरांतल्या सात जणांनी ते तीन दिवसांच्या आत परत केलं होतं. साडेचारशे पानांचं पुस्तक. उरलेले चौघं मला एकेक करून भेटले, कुणालाही नावाडी माहीत नव्हता. एकानं आठ दिवस ते टीव्हीवर ठेवलं होतं. आणि सह्यांमध्ये पहिली सही अध्यक्षांची, दुसरी माझी.

पुस्तक लोकांपर्यंत नेणं हे माझं काम. कुणी ते वाचलं का, याची नोंद आमच्या कुठल्याच वहीत नसते. तारखा असतात फक्त. पण तारखा पाहून कळतं. मला त्या आधीच पाहता आल्या असत्या, मसुदा लिहायच्या अगोदर.

आबासाहेबांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, ‘‘उत्तर आलं ना? म्हणजे विषय मिटला. फाइलला लावा.’’ मी लावलं.

तेव्हा काय करता आलं असतं ते नंतर पुष्कळदा मनात आलं. पुस्तकाची आमची एकच प्रत, ती कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर. पण नगरहून दुसरी मागवता आली असती. कौसाच्या नवऱ्याला फोन लावता आला असता. निदान लेखकाला दोन ओळी लिहिता आल्या असत्या की, आम्ही तिथवर पोचलोच नाही. ते लिहायचं म्हणजे न वाचता सह्या केल्या हे लिहायचं. तपासणी तोंडावर होती, कपाटांची मोजदाद चालू होती, पाय सुजत होते. उद्या लिहू, असं म्हणत मी हिवाळा काढला.

कौसा चैत्रात आली. पुस्तक खताच्या पिशवीच्या दोन थरांत बांधलेलं. त्याला धुराचा वास येत होता आणि खुणेला उसाचं वाळलेलं पान घातलेलं. मी विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’

‘‘लई हळू चालतंय,’’ ती म्हणाली. ‘‘पर चालणारी माणसं हळूच चालत्यात की. पोरं घिऊन, म्हातारी माणसं घिऊन. चूल कुटं मांडली, वलं सरपान कसं पेटिवलं, समदं लिवलंय. मोळ्या बांधून गाडी भरून गेली की दुपारी घटकाभर सवड मिळायची. आमच्या टोळीतल्या दोगी जणी म्हणायच्या, वाच मोठ्यानं. मंग रोज इचारायच्या, पोचले का नदीला?’’

‘‘आणि नावाडी?’’ मी विचारलं. मला धीर धरवेना.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुमी वाचलंय की.’’

मी खुणेचं उसाचं पान सरळ करत राहिले. तिला ते होकारासारखं वाटलं असावं. ती बोलत राहिली. चालत आलेली सगळी माणसं शेवटी नदीला पोचतात. तिथे एक म्हातारा नावाडी असतो. तो नऊ दिवस एकटा सगळ्यांना पैलतीरी नेतो, कुणाचं नाव विचारत नाही. मोडक्या हाताच्या त्या राजपुत्राला तो चांगल्या हातानं वल्हं धरायला शिकवतो. शेवटच्या खेपेला राजपुत्र सांगतो, मी रुद्रसेन. म्हातारा म्हणतो, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण ओळख दाखवली असती तर लोकांनी तुला वल्हं धरू दिलं नसतं. आणि मग सगळ्यांना उतरवून तो रिकामी नाव घेऊन मागे वळतो, कारण अजून कुणी मागे राहिलं असेल. तिथे भाग संपतो.

‘‘मागनं तर फौज यायलीय,’’ कौसा म्हणाली. ‘‘अन् ह्यो येकटाच अलीकडं थांबणार. पुढं काय व्हतंय त्याचं? चवथा आला की मला पयल्यांदा द्या.’’

ती गेल्यावर मी दार लोटलं आणि शेवटची साठ पानं वाचली. तिनं सांगितलं त्याहून ती चांगली होती. त्यानंतर मी लेखकाला पत्र लिहायला घेतलं. ‘कळविण्यास खेद वाटतो’ असं लिहिलं, फाडलं. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहिलं, फाडलं. इतक्या वर्षांनी मला सरकारी पत्राची भाषा येत होती, पण ही गोष्ट त्या भाषेत बसत नव्हती. तिसऱ्यांदा कोरा कागदच ड्रॉवरमध्ये ठेवला.

चौथा भाग सव्वा वर्षानं, पावसाळ्यात आला. सुरुवातीला लेखकाचं छोटं निवेदन होतं, ‘वाचकांच्या सूचनांचा आदर करून या भागाची रचना बदलली आहे.’ पाचव्या पानावर रुद्रसेनाला नवा घोडा मिळाला, पहिल्यापेक्षा मोठा. हात बरा झाला. अकराव्या पानावर लढाई. नाना तीन दिवसांत पुस्तक संपवून आले आणि म्हणाले, ‘‘आता कशी गाडी टाप गेरात पडली.’’ आबासाहेबांनी बैठकीत सांगितलं की आपल्या निवेदनाची दखल घेतली गेली, आणि तशी नोंद इतिवृत्तात करायला लावली. ती माझ्या अक्षरात आहे.

पहिल्यांदा द्यायचं कबूल केलं होतं, पण कौसाला मी चौथा भाग पाचव्या नंबरावर दिला. उगाच लांबवत होते. चार दिवसांनी ती आली. पुस्तक टेबलावर ठेवलं.

‘‘म्हातारा न्हाई ह्यात,’’ ती म्हणाली.

‘‘नाही.’’

‘‘नदीचं नाव बी न्हाई. जणू आमी वलांडलीच न्हाई. कशापायी काढला आसंल, बाई?’’

बाहेर बाजार भरलेला होता. आत आम्ही दोघी आणि कोपऱ्यात नाना. मी फाइल काढली, लेखकाचं आंतर्देशीय तिच्यापुढे ठेवलं. तिनं सावकाश वाचलं. मग मी तिला सगळं सांगितलं. एकेचाळीस आणि अकराचं, टीव्हीवरच्या पुस्तकाचं, आणि माझं. उत्तर दिलं नाही हेही.

‘‘तुमी बी न वाचताच सही केली?’’

‘‘हो.’’

तिनं आंतर्देशीयाची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, ‘‘आमी आडाणी. तुमी तर पुस्तकातल्या.’’ एवढंच. नाना पेपर खाली ठेवून ऐकत होते.

‘‘कागद द्या येक,’’ ती म्हणाली.

खिडकीपाशी बसून तिनं अर्धा तास लिहिलं. मधे एकदा ‘प्रकरण’ कसं लिहायचं ते विचारलं, आणि मी सांगायच्या आत म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या, दुसरं लिवते.’’ झाल्यावर मला वाचायला दिलं.

‘मी कौसल्या. मी तिसरा भाग पुरा वाचला. मी सही केली नवती. आमच्या टोळीत दोन बायांना वाचून दाखीवला. त्या आजून नावाडयाचं विचारतात. चवथ्या भागात तो नाही. मी त्यांना काय सांगू ते कळवा.’

माझा हात सवयीनं पेनाकडे गेला होता. तिनं पाहिलं. मी पेन खाली ठेवलं. पाकीट मात्र मी आणलं आणि त्यात, तिला दाखवून, माझा वेगळा कागद घातला. त्यावर तीन वाक्यं होती, साधी. कसं घडलं ते. ती लिहायला मला दीड वर्ष लागलं होतं आणि लिहिताना पाच मिनिटं लागली. कौसा पंधरा दिवसांनी तोडीला जाणार म्हणून उत्तराचा पत्ता ग्रंथालयाचा दिला.

उत्तर पौषात आलं. जाड पाकीट, वर फक्त कौसल्याचं नाव, मार्फत ग्रंथालय. माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं. मी ते दाखल वहीच्या खाली कपाटात ठेवलं. नाना दोन दिवसांतून एकदा विचारायचे, ‘‘बाई, वाफेवर धरलं तर उघडतंय पाकीट. बघू का?’’ मी म्हणायचे, ‘‘नाव कुणाचं आहे?’’ त्यांना कौसाच्या नवऱ्याचा फोन मीच लावून दिला. कौसा तिकडून म्हणाली, ‘‘ठिवा तसंच, आल्यावर बघते.’’ नाना तीन महिने त्या कपाटाकडे बघत बसले.

मी मेअखेर निवृत्त होणार होते. कौसा एप्रिलात आली. हाताला पट्टी होती, कोयता निसटला होता, बोट थोडक्यात वाचलं होतं. तिनं पाकीट दातानं फाडलं आणि उभ्यानंच वाचायला लागली. दोन्ही बाजूंनी लिहिलेले चार कागद. मी तोवर दोन सभासदांची पुस्तकं खोडली. वाचून झाल्यावर तिनं घडी घातली, पिशवीत ठेवली आणि डोळे पदरानं पुसले.

नानांना राहवलं नाही. ‘‘काय म्हणतेत गं? म्हातारा जित्ता हाय का? पाचव्यात येतोय का न्हाई?’’

‘‘समदं लिवलंय त्यांनी,’’ कौसा म्हणाली. ‘‘बाईस्नी बी निरोप हाय. बाईंनी खरं कळिवलं ते बरं केलं म्हणतेत.’’

‘‘आगं पर म्हातारा?’’

‘‘नाना, तुमी तिसरा आदी पुरा वाचा. मग सांगते.’’

नाना माझ्याकडे बघायला लागले. थोड्या वेळानं ते उठले, खिशातून सभासद कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी कपाटातून तिसरा भाग आणला, मागच्या चिठ्ठीवर तारीख टाकली.

‘‘कंच्या पानापसनं वाचू?’’ त्यांनी कौसाला विचारलं.

‘‘पयल्या,’’ ती म्हणाली.